सोवळे मालकाचे, भुर्दंड स्त्रीचा

अमेरिकेत २०१० साली आरोग्यविम्याचा जो कायदा झाला, त्यास अनुसरून संततिनियमनाची साधने स्त्रियांस निराळा पैसा न भरता विम्यातून मिळावीत असे ठरले. ‘हॉबी लॉबी’ या व्यापारी कंपनीच्या धर्मनिष्ठ मालकांनी त्यावर हरकत घेतली. मान्य वीस साधनांपैकी चार आपणांस गर्भपातासमान वाटतात, सबब त्यांचा भार आपणांवर नको, हे त्यांचे म्हणणे. ३० जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते उचलून धरले. विमा कंपनीमार्फत या स्त्रियांची निराळी सोय करता येईल, असे तेव्हा सांगण्यात आले. पण पुढे सरकारने ती सोयही मालकाच्या मर्जीवर सोपविली, आणि २०२० साली न्यायालयाने सरकारचा तो अधिकार मान्य केला!

सदसद्विवेकबुद्धीचा आदर करावा, हे कोण नाकारील? पण ती एकट्या मालकासच असते काय? नोकरीबरोबर मिळणारा विमा हा दानधर्म नव्हे. तो श्रमाचा मोबदलाच होय. रोख पगारातून स्त्रीने काय घ्यावे हे मालक ठरवीत नाही. मग त्याच मोबदल्याच्या दुसऱ्या हिश्शावर त्याचे सोवळे का चालावे?

‘तिने पदरचे पैसे खर्चावेत,’ असे कोणी म्हणतील. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात दाखविले की, गर्भाशयात बसवावयाच्या साधनाचा खर्च किमान वेतनावरील कामगाराच्या जवळजवळ महिन्याभराच्या कमाईइतका असतो.

मालकास ही साधने निषिद्ध वाटत असतील तर त्याने ती खुशाल वापरू नयेत. परंतु स्वतःच्या पुण्याचा खर्च दुसऱ्याच्या पदरातून भागविणे, यास धर्म म्हणत नाहीत.