निर्लेखनाच्या फॉर्मात एक रकाना

ग्वाल्हेरला जाऊन आलो म्हटल्यावर कचेरीत सगळ्यांनी विचारलं, किल्ला पाहिलास? तानसेनाची समाधी पाहिलीस? दोन्ही पाहिलं. पण डोक्यात राहिली ती दर्पण कॉलनीतली गच्चीवरची एक खोली.

तिथे माझ्या आईची मावसबहीण राहते. घर मराठी, पण पिढ्यान् पिढ्या ग्वाल्हेरात गेल्यामुळे बोलण्यात हिंदी मिसळलेली. आपण भंगार म्हणतो, ते कबाड म्हणतात. मावशीचे यजमान, आमचे काका, नोकरीतून निवृत्त झाले आणि जुन्या संगणकांच्या मागे लागले. कबाडीवाल्याने संगणक तराजूत घालण्याआधी काका तिथे हजर! मावशी म्हणते, "लोक म्हातारपणी देवाच्या नादी लागतात, हे डब्यांच्या."

खोलीत आठ-दहा यंत्रं होती. 386, 486, जुने पेंटियम. काकांचा पहिला नियम असा की, जुनं यंत्र आणल्या आणल्या चालू करायचं नाही. आधी झाकण काढायचं. त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डांवर पिंपाच्या आकाराची एक छोटी बॅटरी डाख देऊन बसवलेली असते. ती कालांतराने पाझरते आणि तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकते. ती कापून काढायची, हिरवट डाग व्हिनेगरने पुसायचे. कपॅसिटरच्या टोप्या फुगल्यात का ते बघायचं. मेमरीच्या पट्ट्यांची टोकं शाळेतल्या खोडरबराने घासायची. काही यंत्रं एवढ्यावरच उठून बसतात, बाकीच्यांचे सुटे भाग दुसऱ्यांना उपयोगी पडतात.

मग काकांनी एक 386 लावला. काळा पडदा आणि त्यावर स्वच्छ देवनागरी! आत पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. डॉसच्या जमान्यात आपली लिपी पडद्यावर आणायला असं कार्ड संगणकात बसवत. आजच्या संगणकात ते बसवायला खाचच नसते. पडद्यावर होती काकांच्या थोरल्या भावाने लिहिलेली घराण्याची हकीगत, शिंद्यांच्या पदरी नोकरीला त्यांचे पूर्वज इथे कसे आले त्याची. भाऊ गेल्यावर पुतण्याने त्यांचा संगणक कबाडात दिला होता. काका दुसऱ्या दिवशी जाऊन तो सोडवून घेऊन आले. छंद सुरू झाला तो तिथून.

मी गप्प झालो. कारण मी सोडवायला गेलो नव्हतो.

आमच्या वडिलांनी गावच्या काल्यासाठी एक मराठी नाटक लिहिलं होतं. 2001 साली, कॉलेजात असताना, मीच ते घरच्या संगणकावर टाइप केलं. त्या सॉफ्टवेअरला मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं एक कुलूप लागे. पुढे नवा संगणक आला आणि जुना मी भंगारवाल्याला दिला, कुलपासकट. तीनशे रुपये मिळाले. फ्लॉपीवर पावसाळ्यात बुरशी धरली, छापील प्रत वाळवीने खाल्ली. आता वडील नाहीत. गावची मुलं संहिता मागायला येतात. ज्यांना थोडेफार संवाद पाठ आहेत असे दोन म्हातारे नट तेवढे उरलेत.

आणि नुसती फाइल वाचली असती तरी काम भागलं नसतं. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचा हिशेब वेगळा होता, एकाचा 'क' दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये भलतंच काही दाखवी. तो फॉन्ट, ते सॉफ्टवेअर किंवा नेमका तो हिशेब जाणणारा कन्व्हर्टर हाताशी नसेल तर मजकूर म्हणजे खडीचा ढीग.

लोक म्हणतील, हा निव्वळ जुन्याचा सोस आहे. घरात जागा नाही, वीज खातं, आणि ई-कचऱ्याचे नियमही आहेत. नियम हवेतच. 2012 च्या मे महिन्यापासून ते देशभर लागू आहेत, 2023 च्या एप्रिलपासून आणखी कडक झाले. शिसं आणि पारा विहिरीत उतरू नये हे कुणाला पटणार नाही? पण त्या नियमांना यंत्रातलं विष दिसतं, मजकूर दिसत नाही.

टाकलेल्या यंत्राला दुसरा जन्म देणं गोव्याला नवीन नाही. 2000 च्या सुमारास परदेशातल्या गोंयकारांनी तिकडे वापरातून गेलेले संगणक जमवून इथल्या शाळांना पाठवले होते, त्यांवर लिनक्स चालवलं होतं. नंतर सायबरएज योजनेतून विद्यार्थ्यांना संगणक मिळाले. त्यांतले काही अजून कुणाच्या तरी माळ्यावर असतील, आणि त्यांत कुणाचं नाटक, कुणाची भजनं, कुणाच्या देवस्थानाचा इतिहास.

मी कारकून. कचेरीतल्या जुन्या सामानाच्या निर्लेखनाचे कागद माझ्या टेबलावरून जातात. वस्तू, खरेदीचं साल, मूळ किंमत, सद्यस्थिती असे त्यात रकाने असतात. माझं म्हणणं एवढंच की त्यात आणखी एक रकाना हवा: 'आतला मजकूर काढून घेतला काय?' आणि प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात फ्लॉपी वाचणारा, प्रिंटरचा जुना पोर्ट असलेला, एक तरी चालता संगणक हवा. दहा नकोत, एक पुरे.

तोवर ज्याच्या माळ्यावर असा डबा असेल त्याने चवथीच्या साफसफाईत तो बाहेर काढण्याआधी मला फोन करावा. व्हिनेगर आणि खोडरबर घेऊन मी येतो.