आधी वक्ता, मग प्रायोजक

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. त्या परंपरेतील व्याख्याने आज यूट्यूबवरही चढवली जातात. पण पुष्कळदा शीर्षक असते 'पुष्प तिसरे' आणि पुढे प्रायोजकाचे नाव. विषय कोणता, वक्ता कोण, हे चित्रफीत उघडल्यावरच कळते. ती उघडणार कोण?

व्यासपीठामागचा फलक मालेच्या अखेरच्या रात्री उतरतो. चित्रफीत मात्र वर्षानुवर्षे राहू शकते. प्रायोजकाला दीर्घकाळ लाभ व्हायचा तो तिथेच. परंतु रसिक प्रायोजकाला शोधत नाही. तो 'केशवसुत' किंवा 'दलित आत्मकथने' असे टंकतो. शीर्षक, वर्णन आणि आशय त्या शब्दांशी किती जुळतात, हे यूट्यूबचा शोध पाहतो. म्हणून १०० अक्षरांच्या मर्यादेतील शीर्षकात आधी विषय, मग वक्ता यावा. वर्णनात साल, स्थळ, चर्चिलेल्या ग्रंथांची नावे, त्यांचे रोमन लिपीतील लेखन आणि प्रायोजकाचा स्वच्छ उल्लेख असावा.

याला बाजारूपणा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ग्रंथालयातील सूचिकाराचे काम आठवावे. नोंद चुकलेला ग्रंथ कपाटात असूनही हरवलेलाच असतो. बाजारूपणा सुरू होतो तो खोट्या शीर्षकापासून. व्याख्यानात नसलेला वाद शीर्षकात घातला, की फसलेला श्रोता निघून जातो आणि त्याच्यासोबत प्रायोजकाची पतही जाते. वक्ता सापडला तरच प्रायोजक दिसेल, हे आयोजकांनी पैसे स्वीकारण्याआधीच स्पष्ट सांगायला हवे.