डॉक्टरांचे ब्लडप्रेशर कोण पाहणार?

‘डॉक्टर, वेळच मिळत नाही हो!’ हे वाक्य दवाखान्यात दिवसातून दहा वेळा कानावर पडते. दुकानदार म्हणतात, शिक्षक म्हणतात, शेतकरीही म्हणतात. गेल्या वर्षापर्यंत मीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो.

१९९६ साली या गावात दवाखाना टाकला. आधी जागेचे भाडे, पुढे घराचे कर्ज, मग मुलांची शिक्षणे. सकाळी नऊ ते दोन आणि संध्याकाळी पाच ते रात्री दहा. रविवारही सुटला नाही. पेटी वाजवण्याचा नाद होता, ती पेटी माळ्यावर गेली. मुले मोठी झाली हे फीच्या पावत्यांवरूनच कळले म्हणा ना!

गेल्या पावसाळ्यात एके दुपारी पेशंट संपल्यावर आमचे जुने कंपाउंडर म्हणाले, ‘साहेब, रोज दुसऱ्यांचे दंड आवळता, आज तुमचा द्या.’ मी हसत हात पुढे केला. आकडा आला १७२/१०४! डोकेदुखी नाही, चक्कर नाही, काही नाही. पुढचे आठ दिवस रोज मोजले, तरी आकडा खाली येईना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

उच्च रक्तदाबाची खोड हीच. तो बहुधा मुकाट्याने येतो आणि हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांची हानी करीत राहतो. निरनिराळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

आता पैशाचा हिशेब. जरा अशक्तपणा वाटला की ‘सलाईन लावा’ म्हणून हट्ट धरणारे, त्यासाठी खुशाल पैसे मोजणारे लोक रक्तदाबाची स्वस्तातली गोळी मात्र ‘आता बरे वाटते’ म्हणून परस्पर बंद करतात. माझ्या एका पेशंटने तेच केले. पुढे पक्षाघात झाला. जीव वाचला; पण उजवा हात गेला आणि उपचारापायी एक एकर जमीन विकावी लागली. ‘घरासाठीच राबतो’ असे ते नेहमी म्हणत. आज घरची मंडळी त्यांना घास भरवतात.

त्यांची आठवण ठेवून मी स्वतःसाठी पथ्ये घातली. माझ्या एका डॉक्टर मित्राने लिहून दिलेली गोळी रोज घेतो. लोणचे-पापड ताटातून गेले. दिवसाकाठी मीठ एक चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. रोज सकाळी अर्धा तास सौभाग्यवतींबरोबर झपझप चालतो. आणि दारावर पाटी लावली, ‘रविवारी दवाखाना बंद’. उत्पन्न थोडे घटले, काही पेशंट कुरकुरले. पण रक्तदाब आटोक्यात आला, आणि पेटीही माळ्यावरून खाली आली. सूर अजून नीट लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

वाचकहो, तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रातही तो मोजून मिळतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाच मिनिटे शांत बसा. एवढा वेळ प्रत्येकाकडे असतो. डॉक्टरांकडेसुद्धा!