आत्मरक्षणाचा हक्क : किती, कोणाचा आणि कोठवर?

“घरांत शिरलेल्या चोरावर काठी चालविली तर उद्यां आम्हांसच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहावें लागेल ना?” असा प्रश्न पालघर-बोईसरकडील व्यापारी मंडळी आम्हांस वकील या नात्यानें नेहमीं विचारतात. विचारणारा गृहस्थ बहुधा सज्जन, कर वेळेवर भरणारा आणि कोर्टाच्या नांवानें भिणारा असतो. त्याची भीति अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण कायद्यानें त्याला काय दिलें आहे हें त्याला ठाऊक नसतें. उलटपक्षीं, कायद्यानें जें कोणासही दिलेलें नाहीं, तें १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं याच जिल्ह्यांत एका जमावानें आपल्या हातीं घेतलें. हीं दोन्ही अज्ञानें एकाच घरचीं आहेत.

१८६२ पासून चालत आलेलें इंडियन पीनल कोड जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलांत आली. आत्मरक्षणाचीं कलमें मात्र जवळजवळ तींच राहिलीं. पूर्वीं तीं ९६ ते १०६ होतीं, आतां ३४ ते ४४ आहेत. या कलमांचा मूळ मसुदा १८३७ सालचा, मेकॉलेसाहेबांच्या कमिशनाचा. येथील लोकांच्या अंगीं मर्दानी बाणा यावा, म्हणून या हक्कावर फार बंधनें घालूं नयेत, असा त्या कमिशनाचा अभिप्राय होता. पुढें त्याच इंग्रजी राज्यानें १८७८ सालीं हत्यारांचा कायदा करून प्रजेचे हात रिकामे केले! बाणा बाळगा, पण हत्यार बाळगूं नका, असा तो न्याय. तें राज्य गेलें, हक्क मात्र कायद्याच्या पुस्तकांत राहिला, आणि आपण तें पुस्तक उघडून पाहत नाहीं.

पुस्तक काय म्हणतें? आपल्या, तसेंच दुसऱ्या कोणाच्याही शरीराचें रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. चोरी, जबरी चोरी, नासधूस व गैरप्रवेश यांपासून मालमत्तेचें रक्षण करण्याचाही आहे. प्राण जाईल वा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीति उत्पन्न करणारा हल्ला, बलात्काराच्या वा पळवून नेण्याच्या हेतूनें केलेला हल्ला, ॲसिड फेकण्याचा प्रयत्न, अशा प्रसंगीं बचाव करतांना हल्लेखोराचा प्राण गेला तरी तो गुन्हा होत नाहीं. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं घर फोडणाऱ्याविरुद्ध आणि राहत्या घरास आग लावणाऱ्याविरुद्धही हा हक्क तेथवर पोंचतो. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यांत सांगितलें आहे कीं, हल्ला अंगावर आलेल्या माणसानें पायरीपायरीनें गणित करून प्रतिकार करावा, ही अपेक्षाच अवास्तव आहे. बचाव शाबीत करण्याचा भार आरोपीवर असला, तरी त्याला संशयातीत पुरावा आणावा लागत नाहीं. आपली हकीकत अधिक संभवनीय आहे एवढें दाखविलें कीं पुरे. तेव्हां आमच्या व्यापारी मित्रांनीं रात्रीं दाराशीं काठी ठेवण्यास हरकत नाहीं.

पण त्याच पुस्तकांत ३७ वें कलमही आहे. सरकारी अधिकाऱ्यांचें साहाय्य घेण्यास अवसर असेल तेथें हा हक्क नाहीं, आणि बचावापुरत्याहून अधिक इजा करण्याचा हक्क तर कोणत्याही प्रसंगीं नाहीं. चोर पकडून खांबाला बांधला कीं संकट संपलें. त्यानंतर त्याच्या पाठीवर पडणारी प्रत्येक काठी हा नवा गुन्हा, आणि मारणारा गृहस्थ नवा गुन्हेगार.

डहाणू तालुक्यांतील गडचिंचले येथें याहूनही भयंकर घडलें. टाळेबंदीचे दिवस होते. दोन साधु आपल्या गुरूच्या अंत्यविधीसाठीं मुंबईहून सुरतेकडे मोटारीनें निघाले होते. चोर फिरतात, मुलें पळवितात, अशा अफवा त्या भागांत उठल्या होत्या व गांवकरी रात्रीं गस्त घालीत होते. वन खात्याच्या चौकीशीं मोटार अडविली गेली. पोलीसही आले, आणि त्यांच्यादेखत जमावानें दोघे साधु व त्यांचा मोटारचालक अशा तिघांस ठार मारलें. शंभरांहून अधिक लोक पकडले गेले. गस्त घालणें हा अपराध नव्हे. मुलांच्या काळजीनें जागणाऱ्या पाड्यावरील माणसांस नांवें ठेवणें शहरांत दिवाणखान्यांत बसून सोपें असतें. परंतु मोटार थांबली होती, पोलीस हजर होते, आणि त्या तिघांनीं कोणावर हात उगारला नव्हता. मग रक्षण कोणाचें, आणि कोणापासून? दोन वर्षांपूर्वीं, १ जुलै २०१८ रोजीं, धुळें जिल्ह्यांतील राईनपाड्यास अशाच अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांस जमावानें मारलें होतें. तें उदाहरण समोर असतां अफवा पसरतांच पाड्यापाड्यांतून फिरून ती मोडून काढणें हें अंमलदारांचें काम होतें, आणि त्याचा जाब त्यांजकडूनच घेतला पाहिजे.

घराच्या रक्षणाविषयीं एवढा जागा असलेला आमचा व्यापारी आपल्याच पेढीवरील रक्षणाविषयीं मात्र गाढ झोपलेला असतो. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळांत २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं अरुणा शानबाग या परिचारिकेवर इस्पितळाच्याच एका नोकरानें तळघरांत हल्ला केला. १८ मे २०१५ रोजीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, ती तेथेंच खाटेवर पडून होती. तिला लाठी-बोथाटी येत होती कीं नाहीं, हा प्रश्न येथें गौण आहे. काम करणाऱ्या बाईस कपडे बदलण्यास तळघरांत एकटीनें जावें लागावें, ही व्यवस्था कोणाची होती, हा खरा प्रश्न. अलीकडे मुलींस कराटे शिकविण्याच्या वर्गांस देणग्या देण्याची चाल पडली आहे. देणग्या जरूर द्याव्या. पण ते देणगीदार स्वतः मालकही असतात, आणि कायद्यानें मालकावर घातलेलें काम वर्गणी देऊन फिटत नाहीं.

२०१३ च्या कायद्यान्वयें दहा वा अधिक माणसें कामाला असतील तेथें स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीं अंतर्गत समिति नेमलीच पाहिजे. न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. राज्याच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्याप्रमाणें, तो लागू असलेल्या पेढीवर रात्रीं साडेनऊनंतर बाईस कामावर ठेवावयाचें तर तिची संमति हवी, संरक्षण हवें, आणि घरीं पोंचविण्याची सोयही हवी. पालघर, बोईसर आणि तारापूरच्या पेढ्यांचे व कारखान्यांचे किती मालक हें जाणतात, तें आमच्या वाचकांनीं आपापल्या मनास विचारावें.

लहान दुकानदार म्हणतील, आमच्याकडे दोनच बायका आहेत, समिति कसली? त्यांच्यासाठींही व्यवस्था आहे. दहाहून कमी नोकर असतील तेथील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मालकाविरुद्धचीच तक्रार असली तरी ती तेथेंच न्यावयाची, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आंत. जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी २०२१ पासून कोळगांवास आहे. एक फेरी मारून त्या समितीचा पत्ता विचारून घ्यावा, आणि ११२ या मदतीच्या क्रमांकाखालीं तो मोठ्या अक्षरांत लिहून गल्ल्यामागच्या तसबिरीशेजारीं, नोकर बायकांस वाचतां येईल इतक्या उंचीवर लावावा.