चार वर्षांची रेघ

सुरतजवळच्या सचिन जीआयडीसीत रात्रपाळी सुटली की खानदेशातला कामगार चहाच्या टपरीवर आधी मोबाइल काढतो. धुळ्याला, नंदुरबारला घरचे पैसे त्यावरूनच जातात. त्याला लुबाडणारा देशाबाहेरचाही असू शकतो. तेव्हा सायबर गुन्ह्यांविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार हवा, यात वाद नाही. वाद आहे तो संयुक्त राष्ट्रांनी २४ डिसेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या कराराच्या व्याप्तीचा. ४० देशांच्या अनुमोदनानंतर तो अमलात येईल.

कराराच्या लेखी ज्याची कमाल शिक्षा चार वर्षे किंवा अधिक कैद, तो ‘गंभीर गुन्हा’. संगणकाशी त्याचा संबंध नसला तरी डिजिटल पुरावे परदेशाकडे मागता येतील. शिक्षा किती, हे मात्र ज्याचे त्याचे सरकार ठरवणार!

सचिनहून मुंबईकडे निघालेली गाडी पालघरवरून जाते. तिथे नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदवर एका तरुणीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली. तेव्हा लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. त्याची कमाल शिक्षा तीन वर्षे होती, म्हणजे कराराच्या रेघेपासून अवघे एक वर्ष अलीकडे. एखाद्या सरकारने तेवढे वाढवले की झाले. शिवाय रद्द कलमाखालीही आपल्याकडे गुन्हे नोंदवले जात राहिले. ते थांबवायला २०२२ मध्ये न्यायालयालाच पुन्हा बजावावे लागले.

करारात मानवी हक्कांचे कलम आहे, पण पाळतीवरचे निर्बंध देशी कायद्यावर सोडले आहेत. जे कृत्य इथे गुन्हा नाही, त्यासाठी इथल्या माणसाची माहिती बाहेर देणार नाही, हे भारताने आपल्या कायद्यातच लिहावे.