गाडीलाही चांगले पाणी लागते

या पानावर आपण बहुतेक वेळा कपाशीवरची बोंडअळी, मोसंबीची फळगळ आणि पीकविम्याची मुदत यांवर बोलतो. आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. जुन्या ट्रकला बाजारातला नवा रेडिएटर बसवायचा, तो कसा? कृषी खात्याच्या माणसाने यात कशाला पडायचे, असे कुणी म्हणेल. पण एप्रिल महिन्यात जे पाहिले ते पाहून गप्प बसवत नाही.

अंबड तालुक्यातल्या एका वाडीवर शेततळ्याच्या पाहणीला निघालो होतो. वाडीच्या अलीकडे चढावर पिण्याच्या पाण्याचा टँकर उभा. रेडिएटरमधून वाफेचा फवारा उडत होता आणि चालक टँकरच्याच तोटीतून बादली भरून गाडीला पाजत होता. वरून बायाबापड्या घागरी घेऊन उतरत होत्या. चालक म्हणाला, "साहेब, आठच दिवस झाले नवा रेडिएटर टाकून. दुकानदार म्हणला, डोळे झाकून घेऊन जा, बसतोय."

डोळे झाकूनच घेतला होता तो! शेजारच्या गावचा मिस्त्री आला, त्याने पट्टी लावली. जुन्यापेक्षा नव्याची जाळी जाडीला कमी. पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर, ज्याला मिस्त्री लोक श्राउड म्हणतात, तो नव्या रेडिएटरवर बसेना म्हणून काढून गॅरेजमध्येच टाकलेला. पंखा फिरत होता, पण जाळीतून वारा ओढण्याऐवजी बाजूचा गरम वाराच घुसळत होता. टँकर दोन दिवस बंद राहिला. त्या दोन दिवसांत वाडीने विहिरीच्या तळाचे गढूळ पाणी गाळून प्यायले. चूक एका पत्र्याची, भोगली सगळ्या वाडीने.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर जालना, भोकरदन, बदनापूर, अंबड आणि मंठा हे तालुके दुष्काळी जाहीर झाले होते. अशा वर्षी गाव टँकरच्या चाकावर जगते. एरवीही आपली मोसंबी ट्रकमधूनच दिल्लीकडे जाते. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. पण सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात गाडी उकळून दिवसभर उभी राहिली, तर आतला माल मानांकन बघून टिकत नाही. भाव पडला की तोटा ट्रकवाल्याआधी बागवाल्याच्या अंगावर येतो.

कुणी म्हणते, कंपनीचाच रेडिएटर घ्या, दुसरा नकोच. हे बोलायला सोपे. वीस-पंचवीस वर्षे जुन्या गाडीचा मूळ भाग प्रत्येक वेळी मिळत नाही, आणि मिळाला तरी परवडत नाही. बाजारातला रेडिएटर बसवणे म्हणजे पाप नव्हे. तो न मोजता बसवणे, हे मात्र पाप आहे.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. गाडी गरम होते म्हणजे रेडिएटरच गेला, असे धरून चालू नका. पट्टा ढिला आहे का, वॉटर पंप गळतो का, थर्मोस्टॅट अडकला आहे का, झाकणाचे रबर चिरले आहे का, हे अगोदर बघा. इंजिन थंड असताना झाकण काढून गाडी चालू करा. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले किंवा ऑइल दुधाळ दिसले, तर दुखणे हेड गॅस्केटचे असू शकते. मग कितीही नवे रेडिएटर टाका, गाडी उकळणारच. तापाचे कारण न शोधता गोळ्या बदलण्यासारखेच ते.

रेडिएटरच बदलायचा ठरला, तर जुना काढून सोबत दुकानात न्या. जाळीची उंची, रुंदी आणि जाडी मोजा. वरच्या व खालच्या नळीची जागा आणि तोंडाचा व्यास जुळतो का बघा. बसवायची भोके, झाकणाचा दाब आणि श्राउडच्या खुणा ताडून पाहा. एक भोक जुळत नाही म्हणून वेल्डिंगने कान चिकटवणे आणि रबरी गाद्या न घालता थेट चेसिसला आवळणे, हे दोन उद्योग करूच नका. आपल्या रस्त्यांचे हादरे थेट जाळीला बसतात आणि टाकीचा सांधा उलतो.

तांबे-पितळेचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा? तांब्या-पितळेचा जड आणि महाग. पण गळला तर तालुक्याचा कारागीर कथलाचा डाग देऊन चालू करतो. ॲल्युमिनियमचा हलका आणि स्वस्त. मात्र प्लॅस्टिकच्या टाकीचा असेल तर फुटल्यावर बहुधा फेकावाच लागतो. आडरानात फिरणाऱ्या जुन्या गाडीला मी तरी पहिलाच सुचवीन. दुकानदार "जास्त बारीक जाळी, जास्त गार" असे सांगेल. कपाशी, भुसा आणि धूळ यांत फिरणाऱ्या गाडीची फार बारीक जाळी सरकीच्या तंतूंनी लवकर बुजते. जाळी साफ करताना हवा किंवा पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, आणि धार बेताची ठेवा, नाहीतर पाती वाकतात.

आता मुख्य मुद्दा, पाण्याचा. बोअरचे पाणी ज्या क्षाराने तुमचे ठिबकचे ड्रिपर बंद करते, बंबाच्या आत पांढरा थर धरते, तोच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. ड्रिपरसाठी आपण आम्लप्रक्रिया करतो, गाडीला मात्र तेच पाणी बिनदिक्कत पाजतो! आणि म्हणून तेच आम्ल रेडिएटरमध्ये ओतायला जाऊ नका, ॲल्युमिनियम ते खाऊन टाकते. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घाला, किंवा तयार मिश्रण आणा. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला, असे विचाराल. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर आहे. इथे साधे पाणी १०० नव्हे, ९८ अंशांच्या आसपासच उकळते. निम्मे कूलंट घातले की ही मर्यादा सात-आठ अंशांनी वाढते, चांगल्या झाकणाच्या दाबाने आणखी वाढते, आणि गंजही धरत नाही. गळती थांबवायला हळद टाकायची चालकांची युक्ती गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरती ठीक. नव्या रेडिएटरमध्ये ती गेली तर नळ्याच तुंबतात.

थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवयही सोडा. तो नसला की इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त लागते, आणि काही गाड्यांत पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जाते.

बसवून झाल्यावर झाकण उघडे ठेवून हळूहळू भरा, गाडी चालू करा, आतली हवा निघू द्या, पातळी पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी थंड असताना परत बघा. मग भरलेली गाडी जवळच्या चढावर फिरवून आणा. पहिली परीक्षा बिजासन घाटात नको. गाडी उकळलीच, तर गरम झाकण उघडू नका आणि तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. चेहरा भाजतो, हेडला तडा जातो.

एक गोष्ट गोठ्यासाठी. कूलंट चवीला गोड असते आणि विषारी असते. जुने काढलेले कूलंट हौदाशेजारी, उकिरड्यावर किंवा उघड्या टोपल्यात ठेवू नका. जनावर चाटते आणि दगावते.

ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच आणि तालुक्याच्या साहेब मंडळींना विनंती अशी. आपण टँकरला जीपीएस लावतो, खेपांच्या नोंदीवर गावच्या सह्या घेतो. हे योग्यच आहे. पण ज्या गाडीवर गावाची तहान अवलंबून आहे, तिचे इंजिन कोण बघते? आठ वर्षांवरच्या व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी लागते; तेवढ्यावर न थांबता, टँकर लावण्याआधी भरल्या गाडीची चढावर एक फेरी घ्या. श्राउड, पट्टा, झाकण आणि कूलंट या चार गोष्टी पाहून कागदावर लिहा. बंद पडल्यास बदली गाडी किती तासांत येईल, हे करारात असू द्या. मार्च महिन्यात आयटीआयच्या शिक्षकांना बोलावून टँकर, ट्रक आणि ट्रॅक्टरवाल्यांची एक दिवसाची तपासणी ठेवली, तर खर्च चहापाण्याचा आणि वाचेल ते गावाचे पाणी.

गाडीमालकांनीही पक्के बिल आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा माणूसही कायद्याने ग्राहकच आहे. माल खोटा निघाला तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार त्यालाही उघडे आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपले वाडवडील बैलाची खांदेमळणी करायचे. भरल्या गाडीला मे महिन्याच्या उन्हात जुंपण्याआधी तिच्या रेडिएटरकडे एकदा बघायला आपली काय हरकत आहे?