पायाखालची डबी, बोटांतला सूर



जयंती जवळ आली की वस्तीवस्तीत गायन पार्ट्यांच्या तालमी सुरू होतात. पूर्वी ढोलकी, पेटी, बुलबुल आणि झांज एवढ्यावर रात्र निघायची. पुढे कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, गिटार आणि बेस गिटार आली. आता त्यात आणखी एका वस्तूची भर पडली आहे. विटेच्या तुकड्याएवढी लोखंडी डबी, तिच्यावर दोन-चार बटणे. पोरगा ती जमिनीवर ठेवतो, गिटारीची वायर तिच्यात घालतो आणि पायाने खटका दाबतो. मग गिटारीतून गिटारीचा आवाज येतच नाही, कीबोर्डसारखा जाडजूड, घुमणारा, कधी माणसासारखा "वाँव" करणारा आवाज येतो. आई-बाप विचारतात, "अरे, असलाच आवाज काढायचा होता तर गिटार कशाला घेतली? आणि त्या डबीला एवढे हजार रुपये?"

प्रश्न रास्त आहे. घामाचा पैसा कुठे जातो हे विचारण्याचा घराला हक्क आहे. आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीचा जमाखर्च माझ्याकडे असतो, त्यामुळे या डब्यांची बिलेही माझ्यापुढे आली आहेत आणि त्यांचे आवाज तालमीत मी कानाने ऐकले आहेत. म्हणून या वेळी या डबीविषयीच चार शब्द.

या डबीला सिंथ पेडल म्हणतात. सिंथ म्हणजे सिंथेसायझर, विजेवर सूर तयार करणारे यंत्र. त्याचे काम तीन पायऱ्यांनी चालते. पहिली पायरी सूर तयार करण्याची. दुसरी त्या सुराला आकार देण्याची. तिसरी तो सूर कसा उठेल, किती टिकेल आणि कसा विरेल हे ठरवण्याची. गिटारीला जोडलेल्या डबीत सूर तारेतून येतो आणि पुढचे संस्कार डबी करते.

हे समजायला पुस्तक लागत नाही. एकाच सुरात "ऊ" म्हणा आणि तोंड हळूहळू उघडत "आ" वर या. गळ्यातला सूर बदलला नाही, पण आवाज बंद होता तो खुला झाला. डबीतला फिल्टर हेच काम करतो. तार जोरात छेडली की त्याचे तोंड मोठे उघडते, हळू छेडली की थोडेच उघडते. त्याला एन्व्हलप फिल्टर म्हणतात. "वाँव" आवाज येतो तो इथून. दुसरा प्रकार ऑक्टेव्ह पेडलचा. तारेच्या कंपनांच्या दोन लाटा गेल्या की ही डबी आपली एक लाट सोडते. कंपने निम्मी झाली की सूर बरोबर एक सप्तक खाली जातो आणि मूळ सुराखाली खर्ज उभा राहतो. तिसरा प्रकार फझ. तारेची गोलसर लाट ती वरून-खालून छाटून चौकोनी करते, त्यामुळे आवाज खरखरीत आणि भरदार होतो. ऑक्टेव्ह, फझ आणि फिल्टर एकामागून एक जोडले की गिटार जवळजवळ सिंथेसायझरसारखी बोलू लागते. आजच्या सिंथ पेडलमध्ये हे सारे एकाच डबीत मिळते.

ही कला पुढे आणली कोणी, हे आपल्या मुलांना माहीत असावे. १९७० साली अमेरिकेत मिनीमूग नावाचा सुटसुटीत सिंथेसायझर बाजारात आला. १९७२ मध्ये म्यू-ट्रॉन थ्री ही एन्व्हलप फिल्टरची डबी निघाली. जन्मानंतर लगेचच दृष्टी गमावलेले कृष्णवर्णीय संगीतकार स्टीव्ही वंडर यांनी १९७३ च्या 'हायर ग्राउंड' या गाण्यात आपल्या क्लॅव्हिनेट या वाद्याला ती लावली आणि जगाने तो आवाज उचलला. सिनसिनाटी शहरात १९५१ साली जन्मलेले बूट्सी कॉलिन्स यांनी तीच डबी बेस गिटारला लावून नाव कमावले. हे बूट्सी गरीब घरातले. भावाच्या जोडीला बेस वाजवायला हवा होता, पण बेस गिटार नव्हती. तेव्हा त्यांनी स्वस्तातल्या साध्या गिटारीवर बेसच्या चार तारा चढवल्या आणि सुरुवात केली, असे ते स्वतः सांगतात. त्यांचेच सहकारी बर्नी वॉरेल यांनी 'फ्लॅश लाइट' या गाण्यातला बेस गिटारीवर न वाजवता मिनीमूगवर वाजवला. १९७८ मध्ये ते गाणे अमेरिकेच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. तो आवाज ऐकल्यावर बेस गिटारवाल्यांना वाटले, आपल्यालाही असे वाजवता आले पाहिजे. सिंथ पेडलमागची ओढ ही अशी आहे.

त्या समाजाशी आपले नाते नवे नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी तेथील कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. तेव्हा भीमगीताच्या पार्टीत बेसवाला पोरगा फंकचा आवाज काढत असेल तर तो परक्याच्या दारात गेला असे मी मानत नाही.

"पण ही वस्तू विदेशी", असेही कोणी म्हणतात. मग आपला बुलबुल, म्हणजे ज्याला आपण बेंजो म्हणतो, तो कुठला? १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तैशोगोतो नावाचे वाद्य बनवले. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि तारा छेडायच्या. तेच वाद्य हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले आणि आज बेंजो पार्टीशिवाय मुंबईची मिरवणूक निघत नाही. आपल्या देशात कोणी काय वाजवावे हे जातीने ठरवून दिले होते. चामड्याचे वाद्य कोणाच्या गळ्यात आणि वीणा कोणाच्या मांडीवर हे जन्माने ठरायचे. आज आपला मुलगा किंवा मुलगी आपल्या आवडीने वाद्य निवडते, ही साधी गोष्ट नाही. हा हक्क मिळवायला पिढ्या गेल्या आहेत.

हक्क मिळाला म्हणून विद्या आपोआप येत नाही. ही डबी वादकाची चूक झाकत नाही, उलट ती मोठी करून दाखवते. म्हणून वाजवणाऱ्या मुलांसाठी काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, एका वेळी एकच तार. जुन्या पद्धतीच्या ऑक्टेव्ह पेडलला दोन सूर एकत्र दिले की कोणत्या लाटा मोजायच्या हे त्याला कळत नाही आणि आवाज अडखळतो. न वाजणाऱ्या तारा दोन्ही हातांनी दाबून गप्प ठेवाव्यात. बेंजोला पिकअप लावून तो डबीत घालणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण बेंजोवर एका सुराच्या अनेक तारा असतात आणि त्या जराही बेसूर असतील तर डबी गोंधळते. आधी सूर लावा, मग खटका दाबा.

दुसरी गोष्ट, खर्जाला मर्यादा आहे. बेस गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. तिला एक सप्तक खाली नेले की उरतात वीस-एकवीस. माणसाचा कान साधारण वीसच्या खाली ऐकत नाही आणि मंडपातला स्पीकर तर त्याच्या बराच आधी हात टेकतो. ऐकू काहीच येत नाही, नुसता स्पीकर धापा टाकतो. म्हणून ऑक्टेव्ह लावला की हात गिटारीच्या दांडीवर वर सरकवावा, बारीक तारांवर वाजवावे. तिथे डबी सूरही लवकर पकडते.

तिसरी गोष्ट, डब्यांचा क्रम. ऑक्टेव्ह सर्वांत आधी, कारण त्याला तारेचा स्वच्छ सूर लागतो. मग फझ, मग फिल्टर. मात्र फझमधून गेल्यावर जोराचा आणि हळूचा फरक कमी होतो, त्यामुळे फिल्टरचे तोंड नीट उघडत-मिटत नाही. तसे वाटले तर फिल्टर फझच्या आधी लावून पाहावा. दोन्ही रीती चालतात, कानाला पटेल ती ठेवावी. डबीवर मूळ आवाज आणि बदललेला आवाज यांचे प्रमाण ठरवणारे बटण असेल तर मूळ आवाज पूर्ण बंद करू नये. गाण्याचा पाया त्यानेच टिकतो.

चौथी गोष्ट जिवाची आहे, ती आई-बापांनीही वाचावी. बहुतेक डब्या नऊ व्होल्टवर चालतात, पण घरातल्या दुसऱ्या यंत्राचा ॲडाप्टर तिला लावू नये. व्होल्ट तेवढेच असले तरी पिनचे धन-ऋण उलटे असू शकते आणि डबी जळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मंडपातले अर्थिंग. हातात गिटारीच्या तारा आणि ओठांशी माइक, अशा वेळी वायरिंग सदोष असेल तर जबर शॉक बसतो, प्राणही जाऊ शकतो. कार्यक्रमाआधी इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड तपासून घ्या. साउंडवाल्याला याविषयी विचारण्यात कमीपणा नाही.

आता हिशेब. मी नोकरीने कारकून, त्यामुळे खर्चाला दोन बाजू असतात हे मला दिसते. साधे ऑक्टेव्ह पेडल काही हजारांत येते आणि नामांकित कंपनीचे सिंथ पेडल त्याच्या कितीतरी पट महाग असते. कार्यक्रमाची बिदागी वाटून झाल्यावर बेसवाल्याच्या हातात काय उरते, हे ज्याचे त्याला ठाऊक. म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवावा. आधी चांगल्या तारा, सूर लावायचा ट्यूनर आणि न तुटणारी वायर. मग शिकवणीची फी. मग एकच डबी, तीही शक्यतो वापरलेली, पण दुकानात स्वतःच्या गिटारीवर अर्धा तास वाजवून पाहिलेली. हप्त्यावर घेऊ नये. पार्टीने वर्गणी काढून घेतली तर ती पार्टीची मालमत्ता म्हणून वहीत नोंदवावी, नाहीतर उद्या पार्टी फुटली की डबीवरून भांडण ठरलेले.

जमेची बाजूही आहे. आज लहान गायन पार्ट्यांच्या सुपाऱ्या कमी होत आहेत, कारण डीजेच्या भिंतीपुढे ढोलकी-पेटी फिकी वाटते. दहा-बारा जणांचा ताफा नेणे प्रत्येक मंडळाला परवडत नाही. अशा वेळी एकच बेसवाला पायाच्या एका खटक्याने कीबोर्डच्या खर्जाची जागा भरून काढू शकला तर पाच जणांची पार्टीही मंडपात उभी राहते. डबीच्या पैशांचे समर्थन करायचे तर ते इथे करता येईल. शौक म्हणून घेतली तर तो खर्च, पार्टी जगवायला घेतली तर ते भांडवल.

पण भिंतीशी स्पर्धा करताना आपणच भिंत होऊ नये. वामनदादा कर्डक यांनी (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली आणि गायली. ती लोकांच्या तोंडी राहिली ती शब्दांमुळे. भीमगीतात शब्द मालक आहे, वाद्य चाकर. डबीचा जाड आवाज गायकाच्या आवाजावर चढला तर बाबासाहेबांचा विचार सांगायला आलेला माणूस मुका होतो. गाण्याचे कडवे चालू असताना डबी बंद, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत चालू, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ. आणि खालचा खर्ज भिंतीतून आरपार जातो हे विसरू नका. शेजारच्या खोलीत आजारी म्हातारी असते, परीक्षेची मुले असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे आणि सवलतीच्या मोजक्या दिवशी ती मध्यरात्रीपर्यंतच. कायदा लिहिणाऱ्याचे आपण अनुयायी, कायदा आपण आधी पाळावा.

आई-बापांना माझी एवढीच विनंती की, डबी दिसली की रागावू नका. मुलाला समोर बसवा आणि सांगा, "आधी डबीशिवाय वाजवून दाखव." डबीशिवाय गाणे सुरात आणि तालात उभे राहिले तर त्याला डबी जरूर घेऊ द्या. नाही राहिले तर आणखी सहा महिने रियाज. आणि हीच संधी घरातल्या मुलीलाही द्या. बेस गिटार पेलायला मनगट लागते, मिशी लागत नाही.

जय भीम.